माहितगाराचा पत्ता

१

प्रबंध शेवटच्या पानाकडून वाचायचा, ही माझी जुनी खोड. विद्यार्थी प्रस्तावना घासूनपुसून लिहितात, ऋणनिर्देशात आईवडिलांपासून झेरॉक्सवाल्यापर्यंत सगळ्यांना हात जोडतात आणि संदर्भसूचीपाशी येईतो त्यांचा दम संपतो. मग पुस्तकाचं वर्ष चुकतं, प्रकाशक गायब होतो, कुठल्या तरी वेबसाइटचा अर्धाच पत्ता लोंबकळत राहतो. म्हणून मी मागची पानं आधी उघडते.

मी प्रमोदिनी पौनीकर. नागपुरातल्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, एम.ए.च्या पोरांना प्रबंधासाठी मार्गदर्शन करते आणि प्रत्येक स्रोत स्वतः तपासल्याशिवाय सही करत नाही. पुस्तक असेल तर ग्रंथालयातून काढून पान उघडून बघते. मुलाखत असेल तर माहितगाराला फोन लावते, नाहीतर सरळ त्याच्या दारात जाऊन उभी राहते. माहितगार म्हणजे ज्यानं माहिती सांगितली तो माणूस. आमच्या कामात त्याला पुस्तकाइतकाच मान असतो. पोरं माझ्या पाठीमागे म्हणतात, मॅडम मेलेल्या लेखकालाही फोन लावून विचारतील. विचारीन की, नंबर मिळाला तर.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी मिनल हेडाऊचा प्रबंध माझ्या टेबलावर आला. मिनल उमरेडची, विणकराच्या घरातली, रोज एसटीनं ये-जा करणारी. हातमागावर बसणाऱ्या बायकांचं तोंडी ज्ञान हा तिचा विषय. वडिलांच्या आजारपणात तिची मुदत दोनदा वाढवून झाली होती. येत्या शनिवारी प्रबंध माझ्या सहीनिशी जमा झाला नाही, तर तिची नोंदणी रद्द होणार होती. पारशिवनीच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायची जागा तिच्या निकालासाठी थांबली होती, तीही गेली असती. पोरगी मला मनापासून आवडते. हे मी तिला कळू दिलेलं नाही, कारण लाडावलेली पोरं तळटीपा धड देत नाहीत.

मी परिशिष्ट उघडलं. माहितगारांची नावं, वय, ठिकाण, तारीख, संपर्क, सगळं शिकवल्याप्रमाणे. उमरेडच्या बायका, कन्हानची एक, भिवापूरची एक. मी लाल पेन खाली ठेवलं. असं क्वचितच होतं.

मग शेवटची नोंद वाचली. प्रमोदिनी पौनीकर, वय ५६, तांडापेठ, नागपूर. मुलाखत, माहितगाराच्या राहत्या घरी, दुपारी.

मी तिला मुलाखत दिली नव्हती.

२

मला आधी वाटलं, ही 'तत्रैव'ची करामत. एकाच माणसाचा संदर्भ लागोपाठ आला की पोरं पूर्ण नोंद न देता खाली 'तत्रैव' लिहितात, म्हणजे वरच्याच ठिकाणी. मग शेवटच्या रात्री मध्येच दुसरा परिच्छेद घुसवतात आणि सगळे 'तत्रैव' भलत्याच माणसाच्या गळ्यात पडतात. एकानं असंच पंचवार्षिक योजनेचं वाक्य आपल्या आजीच्या तोंडी घातलं होतं. मिनलनंही कुठंतरी माझं मत टाकलं असेल आणि पुढच्या बायका माझ्या नावाला चिकटल्या असतील, अशी मी मनाची समजूत घातली.

तिला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"हे कोणाचं नाव आहे?"

"तुमचं, मॅडम."

"ते मलाही वाचता येतं. मी तुला मुलाखत कधी दिली?"

ती हसली. मी तिची परीक्षा घेते आहे असं तिला वाटलं. "तुमच्या घरी, मॅडम. दोनदा आली होती मी. दार लोटलेलं होतं, मी हाक मारली तर तुम्ही आतूनच म्हणाल्या, ये वं पोरी, उन्हात काहून उभी आहेस."

मी असं बोलत नाही. लहानपणी बोलत असे. नोकरी लागल्यावर वर्गात बोलायची भाषा आली आणि घरची भाषा मागे पडली, कारण घरी ती बोलायला कोणी उरलं नाही.

"त्या दोन्ही दुपारी मी इथे परीक्षेवर होते, मिनल. माझ्या सह्या आहेत."

तिचं हसू हळूहळू उतरलं. ती खोटं बोलत असती तर तिनं तेव्हाच काहीतरी रचलं असतं. तिनं फक्त मला निरखून पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, तुमची मुलगी कुठं असते?"

"कुठली मुलगी? मी लग्नच केलेलं नाही."

"पण तुम्ही सारखं तिचंच तर सांगून राहिल्या होत्या," ती म्हणाली.

३

ज्या वाक्याला माझं नाव लागलं होतं, ते वाक्य तिसऱ्या प्रकरणाचा कणा होता. माग कायमचा बंद करताना विणकर बसायचा खड्डा रिकामा बुजवत नाहीत. धोट्यात घालायची सुताची कांडी असते, तशी एक भरलेली कांडी खड्ड्यात ठेवतात आणि मग माती टाकतात. म्हणजे बसणारीला उठता येतं.

मी कोष्ट्याची मुलगी. आमच्या घरात मागच्या खोलीत खड्ड्याचा माग होता. जमिनीत कमरेएवढा खड्डा, त्यात पाय सोडून आई बसायची आणि खाली पायानं पावडी दाबत वर धोटा फेकायची. शाळेतून आलं की त्या आवाजावरूनच कळायचं, आई घरी आहे. तरी हे कांडीचं मी कधी ऐकलं नव्हतं, कुठे वाचलंही नव्हतं. वाक्य इतकं सुंदर होतं की माझा संशय वाढला. फार सुंदर पुरावा मी नेहमी दोनदा तपासते.

शक्यता तीन. मिनलनं ते रचलं, किंवा दुसऱ्या कुणी माझं नाव सांगून तिला फसवलं, किंवा मलाच काही आठवेनासं झालं. तिसऱ्या शक्यतेनं मला घाम फुटला, पण ती मी प्रामाणिकपणे मांडली.

"रेकॉर्डिंग?" मी विचारलं.

तिनं मोबाइल पुढे केला. आमच्याकडे रेकॉर्डिंगशिवाय मुलाखत धरत नाहीत. मी इअरफोन घातले.

"मॅडम, सुरू करू?" हा मिनलचा आवाज.

"कर ना वं. मी इथंच आहो, कुठं जाऊन राह्यली?"

आवाज माझाच होता. वर्गात ओरडून जरा फाटलेला, शेवटी किंचित चढणारा. मागे खटखट चालली होती. पोरगी विचारत होती, आवाज सांगत होता, आणि मधूनच विषय सोडून भलतीकडे जात होता.

"माही पोरगी लय शिकली. एवढाल्ले पुस्तकं वाचते. पन जेवाले टायमावर येत नाही. मी इथून सांगतो, तर तिले ऐकूच येत नाही."

मी इअरफोन काढले. मिनल म्हणाली, "ती खटखट कूलरची असंन मॅडम, मले तसंच वाटलं होतं."

तिच्या तोंडून 'मले' निसटलं, म्हणजे ती घाबरली होती. मी तिला म्हटलं, तू घरी जा, एसटी चुकेल. सहीचं मी बघते.

४

माझं घर तांडापेठेत आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे नहाणी. आई जाऊन वीस वर्षं होत आली. ती गेल्यावर माग भंगारात निघाला, मिस्तरीनं खड्ड्यात मलबा भरला, वर पांढऱ्या टाइल्स बसवल्या. तिथेच माझं टेबल आणि पुस्तकांची कपाटं आहेत. शेजारच्या कांताबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, बरं केलंत, जागा मोकळी झाली.

त्या संध्याकाळी मी खोलीभर फिरले. टेबल जागेवर, कपाटं जागेवर. कूलर चालू केला आणि कान देऊन ऐकलं. त्याचा पंप खटखट करतो खरा. पण तो पाण्याचा आवाज असतो, घोटभर थांबून पुन्हा सुरू होणारा. रेकॉर्डिंगमधली खटखट एका ठेक्यात होती. शिवाय सकाळी निघताना कूलर मी न चुकता बंद करते. वीजबिल मीच भरते.

टेबलाखाली पाय सोडून बसले तेव्हा जाणवलं, की तिथल्या टाइल्स गार आहेत. बाहेर पारा त्रेचाळीसवर आणि तळव्याखाली माठाखालच्या जमिनीसारखा गारवा. हे आजचंच नव्हतं. कित्येक उन्हाळे मी तिथे सुखानं बसत आले होते आणि कधी विचारलं नव्हतं, की हे कुठून येतं.

कांताबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "आजकाल दुपारी घरी असता का मॅडम? बरं वाटते, आवाज असला की."

"कसला आवाज?"

"तुमचाच. कोणासंग तरी बोलता ना."

मी हो म्हटलं. शेजाऱ्यांना काय सांगायचं?

त्या रात्री मी जेवले नाही, पण झोपले मात्र त्याच खोलीत. भीती वाटत होती, आणि भीतीच्या खाली दुसरंही काहीतरी होतं. ते सांगायला लाज कशाला वाटावी? मला आईची आठवण येत होती.

५

गुरुवारी मी अर्धी रजा टाकली आणि भर दुपारी घरी आले. मिनलच्या प्रबंधातली पानं हातात होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, कूलर तेवढे घरोघरी घरघरत होते.

कुलूप मीच सकाळी लावलं होतं. ते कडीला लटकत होतं, उघडं. दार लोटलेलं होतं.

आत खटखट चालू होती. खळीचा वास येत होता, सुताला लावायच्या पिठाच्या खळीचा. तो वास मी विसरले असं मला वाटत होतं, पण नाक विसरलं नव्हतं.

"आली का वं?" आतून माझाच आवाज आला. "चपला बाहेर काढ."

मी चपला काढल्या. पायांनी मला न विचारताच काढल्या म्हणा. मधल्या दाराला पडदा होता. त्याच्या अलीकडे मी उभी राहिले. पुढे जायचा धीर नव्हता आणि परत फिरले तर शनिवारी पोरीच्या हातात काय देणार होते? मला येतं ते एकच काम. मी पान उघडलं.

"माग बंद करताना खड्ड्याचं काय करतात?" मी विचारलं.

खटखट थांबली. "तुले काहून पाहिजे?"

"तपासायचं आहे. मिनलचा प्रबंध आहे."

"मिनल होय. गुणाची पोरगी हाय. तिले मुरमुरे देल्ले मी, तुह्या टेबलावर दुसरं काही नव्हतंच." मग आवाजानं सांगितलं. खड्डा रिकामा बुजवत नाहीत. भरलेली कांडी ठेवतात. मी ओळीवर बोट ठेवून ऐकत होते. मिनलनं प्रमाणभाषेत लिहिलं होतं, पण अर्थाचा एक तंतू इकडचा तिकडे झालेला नव्हता. "म्हंजे बसनारीले उठता येते," असं आवाज शेवटी म्हणाला. "आपल्या वक्ती राहून गेलं. मिस्तरीले काय माहीत असंन? अन् तुले मीच कधी सांगतलं नव्हतं. तू नको मनाले लावून घेऊ."

माझे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी उघड्या दारातून उन्हाची झळ आली आणि पडदा सरकला.

टेबल बाजूला सारलेलं होतं. माझ्याकडे पाठ करून एक बाई बसली होती. हिरवं लुगडं, अंबाड्याला काळा गोफ. बसली होती म्हणजे, कमरेपासून वरच होती. पांढऱ्या टाइल्स तिच्या कमरेशी चहूबाजूंनी नीट भिडल्या होत्या, मिस्तरीनं मापानं कापून बसवाव्यात तशा. समोर माग नव्हता. तिचे हात मात्र डावीउजवीकडे जात होते आणि टाइल्सच्या खाली कोणीतरी पावडी दाबत होतं.

"जेवली का?" तिनं विचारलं, आणि तिची मान माझ्याकडे वळू लागली.

चेहरा तिचा असेल की माझा, हे मला बघवलं नसतं. मी अनवाणी बाहेर पळाले. तापलेल्या रस्त्यावर तळवे पोळले, तेव्हा कुठे थांबले.

६

शुक्रवारी मिनल आली ती रडून आलेली. "मॅडम, ती नोंद काढून टाकू का? प्रकरण पडलं तर पडू द्या. मी खोटं नाही बोलली, पण तुम्हाले त्रास नको."

"नोंद काढायची नाही," मी म्हटलं. "चुकीची आहे, ती दुरुस्त करायची."

तिच्याकडून पेन घेऊन मी माझं नाव खोडलं आणि वर लिहिलं, जयवंता पौनीकर.

"ह्या कोण?"

"माझी आई."

मिनलचा चेहरा उजळला. पोरीच्या डोक्यावरचं ओझं एका क्षणात उतरलं. "अरे देवा. मी त्यांनाच मॅडम मॅडम करून राहिली होती. पडद्याआडून चेहराच तेवढा दिसत होता, पण त्या अगदी तुमच्यासारख्या दिसतात."

"मी तिच्यासारखी दिसते," मी म्हणाले. "मूळ स्रोत ती आहे. मी दुय्यम."

ती खळखळून हसली. मी तिला आणखी काही सांगितलं नाही. परिशिष्टात माहितगार हयात आहे की नाही, असा रकाना नसतो. वयाच्या रकान्याशी मात्र माझं पेन थांबलं. आई गेली तेव्हा छप्पनची होती, आणि या वर्षी मीही छप्पनची आहे. मिनलनं लिहिलेला आकडा मी तसाच ठेवला.

राहिला संपर्क. तिथे माझा मोबाइल होता. पण त्यावर मी सापडते, माहितगार नाही. इंटरनेटसोबत आलेला एक जुन्या पद्धतीचा फोन घरी माझ्या टेबलावर असतो, त्याचा नंबर मी लिहिला. मग सही केली. एवढ्या वर्षांत इतक्या खात्रीनं मी सही केली नव्हती आणि इतकी घाबरूनही नव्हती.

त्यानंतर मी दुपारी घरी जाणं सोडलं. कॉलेजला सुट्ट्या लागल्या तरी ग्रंथालयात जाऊन बसायची. दुपार तिची, बाकीचा वेळ माझा, अशी आम्हा मायलेकींची न बोलता वाटणी झाली. संध्याकाळी परतले की कधी मुरमुऱ्यांचा डबा टेबलाच्या कडेला काढून ठेवलेला असे. मी मुकाट्यानं खात असे. एक टाइल काढायला मिस्तरीला तासभर लागला असता, आणि भरलेली कांडी उमरेडमध्ये कुणीही दिली असती. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही. कांडी ठेवली की तिला उठता येईल. पण उठून ती कुठे जाईल, दाराबाहेर की घरात, हे मला कोणत्याच स्रोतावरून कळत नव्हतं.

७

मिनलची तोंडी परीक्षा मेच्या अखेरीस झाली. नवतप्याचे भाजून काढणारे नऊ दिवस चालू होते, खिडक्यांना हात लावता येत नव्हता. बाहेरून आलेले परीक्षक ताराचंद सर माझ्याइतकेच खवट म्हणून प्रसिद्ध आहेत. मिनलनं टेबलावर वडिलांचं सामान मांडलं होतं. गुळगुळीत झालेला धोटा, एक फणी, आणि लाल सुतानं भरलेली कांडी. ती न अडखळता बोलली. सरांनी तळटीपा एकेक करून विचारल्या आणि तिनं एकेक करून उत्तरं दिली. मी कोपऱ्यात बसून नुसती पाहत होते. माझी पोरगी असती तर मला यापेक्षा जास्त अभिमान वाटला नसता.

शेवटी सर म्हणाले, "उत्तम. असं परिशिष्ट मी बऱ्याच दिवसांत बघितलं नाही." मिनल पेढे आणायला पळाली.

सरांनी चष्मा पुसला. "मॅडम, तुमच्या सवयीबद्दल ऐकून होतो. म्हटलं, आपणही एखादा माहितगार तपासून बघावा. मघाशी तुम्ही चहा सांगायला गेला होतात ना, तेव्हा फोन लावला."

"कुणाला?"

"तुमच्या आईंना. काय गोड बोलतात हो. सगळं बरोबर सांगितलं त्यांनी. मागे मागाचा आवाज येत होता. अजूनही मागावर बसतात?"

मी मान हलवली.

"तुमच्यासाठी निरोप आहे," सर हसत म्हणाले. "मिनलच्या समोर टेबलावर भरलेली कांडी पडली आहे, ती येताना घेऊन ये म्हणावं. म्हणजे मला उठता येईल आणि माझ्या पोरीला गरम भाकर टाकून देता येईल." मग त्यांनी कांडीकडे पाहिलं. "मिनलनं सांगितलं असेल नाही त्यांना, काय काय मांडणार ते."

"असेल," मी म्हटलं.

मिनल पेढे घेऊन आली. पहिला पेढा तिनं माझ्या तोंडात घातला आणि वाकून नमस्कार केला. या वेळी मी तिला जवळ घेतलं, तळटीपांचं पुढचं पुढे. मग विचारलं, "ही कांडी मला देशील?"

"घ्या ना मॅडम, त्यात काय विचारता. आमच्या घरी ढिगानं आहेत."

मी कांडी पर्समध्ये ठेवली. घड्याळात पाहिलं तर भर दुपार होती. दाराशी चपला घालताना माझ्या ध्यानात आलं, की मला खरंच खूप भूक लागली आहे.